सुमित्राकाकूंचा ताळा

डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावातल्या घरी नवा पाहुणा आला की सुमित्राकाकू त्याला सगळं घर दाखवायच्या. शेवटी गराज यायचं, आणि गराजमध्ये फळा. हिरवा, शाळेतला, लाकडी चौकटीचा, खाली खडू ठेवायला पन्हळ असलेला. चांगला आठ फूट लांब. जवळच्या एका शाळेनं जुनं सामान विकायला काढलं तेव्हा काकूंनी तो उचलला होता. विनयकाकांनी तो गाडीच्या टपावर दोरीनं बांधला आणि मागच्यांचे हॉर्न खात, गोगलगायीच्या चालीनं घरी आणला. ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. मी तो पाहिला २००३ मध्ये, आमच्या मराठी मंडळाच्या एकांकिकेचं नेपथ्य ठेवायला त्यांच्या गराजमध्ये गेले तेव्हा. बर्फ ओढायची दोन फावडी त्याला टेकून उभी होती. फळ्यावर एक अक्षर नव्हतं.

"काकू, फळा कशाला घेतलात?"

"शिकवायला."

"कुणाला?"

"तेच तर." ओढणीच्या टोकानं त्यांनी पन्हळीतली धूळ पुसली. "फळा विकत मिळतो गं वल्लरी. समोर बसणारी माणसं कुठे मिळतात?"

आमच्या एकांकिकेत काम करायला काकूंनी साफ नकार दिला होता. प्रॉम्प्टिंग मात्र आनंदानं घेतलं. पडद्याआड वही घेऊन बसायच्या आणि नट अडखळला की पुढचा शब्द असा पुरवायच्या की त्यालाही वाटावं, आपल्यालाच आठवला. तालमीला नाटकं शिकून आलेली मी एकटी. पण थांबायचं किती आणि बोलायचं कधी, हे मला काकूंकडून कळलं.

अमरावतीच्या एका तंत्रनिकेतनात काकूंनी नऊ वर्षं गणित शिकवलं होतं. साठ-साठ पोरांचे वर्ग. एकोणनव्वद साली विनयकाकांना डेट्रॉइटजवळ नोकरी लागली. काका दाराच्या रबराचे इंजिनियर; गाडीचं दार लावल्यावर 'धप्' असा भारदस्त आवाज यावा म्हणून तीस वर्षं खपलेला माणूस. चार वर्षांच्या अंकुरला कडेवर घेऊन काकू मागोमाग आल्या. आधी काही वर्षं व्हिसा काम करू देईना. कागद हाती आले तेव्हा त्यांना मुलांच्या शिकवणीच्या एका सेंटरमध्ये काम मिळालं. तिथली पद्धत अशी, की मुलानं आपापलं सोडवायचं आणि टेबलापलीकडच्या बाईनं लाल पेन्सिलीनं बरोबर-चूक करायचं. समजावून सांगायचं नाही. सांगितलं तर मूल स्वतः विचार करत नाही म्हणे.

"रोज शंभर पानं तपासते," काकू म्हणायच्या. "शंभर पानांत एकदाही कुणी 'का' विचारत नाही. आणि विचारलं तरी मला तोंड उघडायची चोरी."

अठ्ठ्याण्णवमध्ये एकदा संधी आली होती. एका कम्युनिटी कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गांसाठी त्यांना वीस मिनिटांचा डेमो द्यायला बोलावलं. समोर पाच-सहा विद्यार्थी आणि मागे दोन निवड करणारे. काकूंनी अमरावतीच्या सवयीनं फळ्याकडे तोंड केलं आणि लिहायला लागल्या. तिसऱ्या ओळीवर एका मुलीनं हात वर केला. काकू म्हणाल्या, "शेवटी विचार." पाचव्या ओळीवर आणखी एकानं केला. "शेवटी." वीस मिनिटांत फळा मोत्यांसारख्या अक्षरांनी गच्च भरला. त्या वळल्या, "समजलं?" म्हणाल्या. कुणीच काही विचारलं नाही. काकूंना वाटलं, उत्तम झालं. आठ दिवसांनी नकाराचं पत्र आलं.

"आमच्याकडे मधे बोलणाऱ्या पोराला वात्रट समजायचे," त्या मला म्हणाल्या. "इथे तोच हुशार निघाला. हे मला कुणी आधी सांगितलंच नाही गं."

पुन्हा अर्ज केला नाही. फळ्याला फावडी टेकली ती टेकलीच.

२००५ च्या जानेवारीत ती फावडी हलली. अंकुर तेव्हा वीस वर्षांचा, युनिव्हर्सिटीत मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला. विद्यार्थ्यांनी स्वतः रेसिंगची छोटी गाडी बनवायची आणि मे महिन्यात जवळच्या पाँटियॅक गावी सगळ्या कॉलेजांच्या गाड्यांशी स्पर्धा करायची, असा तिथे एक उद्योग असतो. यंदा अंकुरच्या टीमनं गाडीला मागे पंख लावायचं ठरवलं होतं. विमानाचा उलटा केल्यासारखा पंख: विमानाचा वर उचलतो, हा गाडीला खाली दाबतो, म्हणजे वळणावर टायर सुटत नाहीत. युनिव्हर्सिटीच्या वर्कशॉपात जागा नव्हती, आणि पंखाचा साचा वाळायला ऊब हवी होती. काकूंच्या गराजमध्ये हीटर होता.

शनिवारी सकाळी पाच पोरं गराजमध्ये शिरली. त्यांच्यातला उंचेला, लाल केसांचा काइल हा कॅप्टन.

"मॉम," अंकुर म्हणाला. घरात तो 'आई' म्हणायचा. मित्र असले की 'मॉम'. "कॅन वी यूज द बोर्ड?"

 काकू स्वतःच फावडी उचलून बाजूला ठेवायला लागल्या.

मी त्या दिवशी नेपथ्याचे पडदे न्यायला आले होते. चहाचे कप घेऊन काकू स्वयंपाकघर आणि गराज यांच्यामधल्या दारात उभ्या, आणि त्यांच्या मागे मी. पोरांनी फळ्यावर समीकरणं लिहिली होती: कुठलं कुठे, आडवी-तिडवी.

"काय लिहून राहिले रे हे!" काकू पुटपुटल्या. अस्वस्थ झाल्या की त्यांची अमरावती बाहेर यायची. "ना डोकं ना पाय. क्ष दोन्ही बाजूंना!"

"काकू, जा ना. सांगा त्यांना."

"मला कुणी विचारलंय?"

तेवढ्यात अंकुरनं एका जुन्या कॉम्प्युटरकडे बोट केलं. "आई, हे बघ. इक्वेशन सॉल्व्हर." आणि मग, त्याच्या त्या दोन भाषांच्या खिचडीत, त्यानं दाखवलं. एका पानावर समीकरणं लिहायची, कुठल्याही क्रमानं. दुसऱ्या पानावर सगळ्या अक्षरांची यादी. ज्याची किंमत ठाऊक आहे ती एका रकान्यात भरायची. ठाऊक नाही तिथे रिकामं सोडायचं. बटण दाबलं की रिकाम्या जागा मशीन भरतं.

"आणि क्ष एका बाजूला कोण आणतो?" काकूंनी विचारलं.

"नोबडी."

"नोबडी म्हणजे?"

"तसाच राहतो. मशीन बघून घेतं."

"नऊ वर्षं मी पोरांच्या मागे लागले, आधी क्ष डाव्या बाजूला आणा म्हणून!" काकू माझ्याकडे वळल्या. जणू माझ्याच सहीनं हा अन्याय झाला होता. "मग शिकवायचं काय राहिलं?"

अंकुरनं बटण दाबलं. मशीन रुसलं. एक रकाना लाल झाला. त्याला 'गेस' हवा होता, अंदाज.

"गणितात अंदाज? अंदाज मिठाचा असतो!"

काइलनं समजावायचा प्रयत्न केला. गाडी वळणावर किती वेगानं जाईल हे पंख तिला किती दाबतो त्यावर ठरतं, आणि पंख किती दाबतो हे गाडीच्या वेगावर. एक कळल्याशिवाय दुसरं कळत नाही. काकू थबकल्या. मग हसल्याच.

"अगं, हे तर आपलं वेडाचं आणि लग्नाचं झालं! वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही." आणि त्यांनी तेच काइलला इंग्रजीत सांगितलं. काइल म्हणाला, "मग तुमच्याकडे करतात काय?"

"काही नाही. कुणीतरी बिचारं आधी समजून चालतं, की वेड गेलं." काकू दारातली पायरी उतरल्या. कप खाली ठेवला. "हाच तुझा गेस."

त्यांनी स्वतः कीबोर्ड ओढून घेतला. वेगाचा अंदाज म्हणून मुद्दाम उणे दहा टाकले. "बघू, खोटं सांगितलं तर काय करतं." मशीननं निमूट सेकंदाला उणे बारा पॉइंट चौतीस मीटर वेग काढून दिला.

"मिसेस डब्ल्यू," काइल गंभीरपणे म्हणाला, "याचा अर्थ आपली गाडी रिव्हर्समध्येही तेवढीच छान वळते."

वानखडे आडनावाचं त्यानं एका फटक्यात डब्ल्यू करून टाकलं होतं. सगळे हसले, काकू सगळ्यांत जास्त. मी पडदे न घेताच घरी गेले.

त्यानंतर काकूंनी सेंटरची शनिवारची पाळी बदलून घेतली, आणि मीही काही ना काही निमित्तानं तिथे असायचे. पोरं घासायची, चिकटवायची, काकू फळ्यापाशी. त्या काही सांगायला लागल्या की पोरं मधेच बोलायची. पहिल्या शनिवारी काकूंचा खडू हवेत थांबायचा, कपाळावर आठी यायची. चौथ्या शनिवारी आठी यायची, पण खडू थांबायचा नाही.

सगळ्यांचं लक्ष एका आकड्यावर होतं. स्पर्धेत गाडीनं इंग्रजी आठाच्या आकड्यात, दोन वर्तुळांत, फिरायचं असतं. एका वर्तुळाला किती सेकंद लागतात ते मोजतात. पोरांच्या सॉल्व्हरनं सांगितलं होतं, पंख लावला की चार पॉइंट त्रेसष्ट. इतका कमी वेळ आजवर स्पर्धेत कुणाचाच नव्हता. काइलनं तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहून भोवती महिरप काढली होती.

"ताळा केला का?" काकूंनी एक दिवस विचारलं.

"व्हॉट्स ताळा?"

"आई, त्यांना नाही माहीत."

"तुला तरी कुठे माहीत आहे? तू सेंटरमध्ये शिकलास." अंकुरनं मान खाली घातली. काकूंनी फळ्यावर एक साधा भागाकार केला, आणि मग उत्तराला परत गुणून मूळ आकडा आणला. "हा ताळा. उत्तर आत घालायचं आणि प्रश्न परत येतो का ते बघायचं. आला तर बरोबर. नाही आला तर कितीही सुंदर अक्षरात लिहा, चूक."

"पण हे तर मशीननं केलंय," काइल म्हणाला.

"मशीनला तुम्ही जे दिलंत त्याचं त्यानं केलं. मागच्या वर्षी पंख नव्हता तेव्हा गाडीला किती वेळ लागला?"

"पाच पॉइंट सहा."

"मग तो घाला. वेळ उत्तर म्हणून नाही, दिलेला म्हणून. पंख शून्य करा. आणि टायरची पकड, ती जी तुम्ही एक पॉइंट सहा धरलीय, ती रिकामी सोडा."

मशीनचं खरं मोठेपण हेच होतं, आणि चार महिने ते वापरणाऱ्या पोरांना ते सुचलं नव्हतं: त्याला उलटंही चालता येत होतं. अंकुरनं आकडे हलवले. बटण दाबलं. टायरची पकड एक पॉइंट सतरा आली.

काइलनं टायरबरोबर आलेला माहितीचा कागद काढला.

एक पॉइंट सहा हा आकडा टायरच्या कागदावरून उचललेला. तो खोटा नव्हता. पण तो आकडा प्रयोगशाळेत टायर सँडपेपरच्या पट्ट्यावर फिरवून मोजलेला होता. डांबरावरचा नव्हता. खरी पकड घालून पुन्हा सोडवलं तेव्हा पंखासकट वेळ आला पाच पॉइंट सत्तेचाळीस. एवढ्या महिन्यांच्या खटाटोपानं फायदा फक्त तेरा शतांश सेकंदांचा. अंकुरनं महिरपीतला आकडा बोटानं पुसला.

"पंख काढून टाकू या का?" कुणीतरी म्हणालं.

काइलनं मागच्या वर्षीच्या निकालाचा कागद उलगडला. "मागच्या वर्षी आमच्या आणि आमच्या पुढच्या चार टीम्समध्ये तेरा शतांशांपेक्षा कमी फरक होता," तो म्हणाला. "पंख राहील. आणि मिसेस डब्ल्यू, हे परीक्षकांना तुम्हीच समजावून सांगा. आमच्यापेक्षा भारी सांगाल."

तो सहज बोलला होता. त्या वयाची पोरं बोलतात तसं. पण काकूंच्या हातातला खडू मी पाहिला. त्याची पूड होत होती.

दुसऱ्या दिवशी काकू माझ्या अपार्टमेंटच्या दारात. "तू नाटकवाली ना? माझी तालीम घे. चार मिनिटं मिळतात म्हणे."

तालीम घेतली. माझ्या फ्रिजचा फळा केला. काकूंनी एक वाक्य म्हटलं आणि फ्रिजकडे वळून लिहायला लागल्या.

"काकू, प्रेक्षकांकडे पाठ नको."

"मग लिहू कशी?"

"अर्धं वळा. एक खांदा त्यांच्याकडे. लिहिताना बोलत राहा."

"अगं, मान मोडेल."

"मोडू दे. आता मी परीक्षक. मधेच विचारते: व्हाय?"

काकूंच्या ओठांवर 'शेवटी' आलेलं मला दिसलं. तो शब्द त्यांनी गिळला. "का? विचार ना. सांगते. पट्ट्यावरचा कागद स्वच्छ, खरखरीत, सगळीकडे सारखा. रस्ता तसा नसतो. रस्त्यावर धूळ असते, खड्डा असतो, टायर गरम-थंड होतो. म्हणून कागदावरची पकड रस्त्यावर मिळत नाही." मग हळूच, "बरं झालं का गं?"

"फार छान झालं."

"हा 'का' सांगायचाच. तो राहिला तर बाकी नुसती लाल पेन्सिल." दोन आठवडे रोज संध्याकाळी आम्ही हे करत होतो. विनयकाका येऊन सोफ्यावर बसायचे आणि एकुलत्या एका प्रेक्षकाच्या जबाबदारीनं शेवटी टाळ्या वाजवायचे.

स्पर्धेच्या दिवशी काकू सुती साडी नेसून आल्या. फिकट पिवळी, बारीक काठाची. "लेक्चरची," एवढंच म्हणाल्या. पर्समध्ये खडूचे दोन तुकडे होते. मला उघडून दाखवले.

पाँटियॅकच्या मोठ्या पांढऱ्या घुमटाचं ते स्टेडियम. फुटबॉलची टीम तिथून जाऊन तीन वर्षं झाली होती. त्याच्या अफाट पार्किंगमध्ये शंभराच्या वर छोट्या गाड्या, पेट्रोलचा वास, आणि त्या शंभरांच्या मागे धावणारी न झोपलेली पोरं. अंकुरची गाडी निळी. मागचा पंख इस्त्री करायच्या टेबलाएवढा. परीक्षक आले, हातात पाट्या घेतलेले तिघं. काकूंनी पदर खोचला आणि पुढे झाल्या.

पिवळ्या दोरीपाशी बिल्लेवाल्या माणसानं हात आडवा केला. अगदी सभ्यपणे. "सॉरी मॅम. फक्त विद्यार्थी."

काइल धावत आला. "सर, पण हे गणित यांनी..."

"फक्त विद्यार्थी, बेटा. नियमच आहे."

काइलचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. "मिसेस डब्ल्यू, आय... मी वाचलंच नव्हतं."

"बरोबर आहे त्यांचं," काकू घाईघाईनं म्हणाल्या. "परीक्षा तुमची आहे. आमच्याकडेही बाहेरच्याला आत सोडत नाहीत. जा. जा तू." आणि दोरीच्या बाहेर, माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. पदर खोचलेलाच होता.

अंकुर बोलायला लागला. बरं बोलत होता. मग मधल्या परीक्षकानं चष्मा वर केला. "इथे प्रत्येक जण मला पकड एक पॉइंट सहा सांगतो. तुमची एक पॉइंट सतरा. का?"

अंकुर थांबला. दोन सेकंद, तीन सेकंद. नाटकात इतका वेळ म्हणजे युग. मी काकूंकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते, आवाजाशिवाय. पडद्याआड वही घेऊन बसायच्या तसे. इथे मात्र तो शब्द त्याच्यापर्यंत पोचणार नव्हता, आणि अंकुर आमच्याकडे बघतही नव्हता.

मग तो अर्धा वळला. एक खांदा परीक्षकांकडे. त्यानं हातातल्या तक्त्यावर बोट ठेवलं. इंग्रजीत म्हणाला, "आम्ही उत्तर आत घातलं, आणि प्रश्न परत येतो का ते पाहिलं. आला नाही."

परीक्षक हसला. "आणि मग?"

अंकुरनं सगळा ताळा सांगितला. मागच्या वर्षीचा वेळ, रिकामी सोडलेली पकड, उलटं चाललेलं मशीन. परीक्षक पाटीवर काहीतरी लिहीत होता. "आणि हा फरक पडतो कशामुळे, तुझ्या मते?" त्यानं विचारलं, आणि तेवढ्यात बिल्लेवाल्यानं वेळ संपल्याची शिट्टी वाजवली. परीक्षक पुढच्या गाडीकडे गेले.

"सांगितलं त्यानं," काकू म्हणाल्या. "माझंच वाक्य सांगितलं." त्यांचे डोळे भरले होते, पण ते नुसतं कौतुक नव्हतं. "'का' राहिला गं. दोन मिनिटं आणखी मिळायला हवी होती."

दुपारी आठाच्या आकड्याची रांग लागली. अंकुर गाडी ढकलत होता, काइल हेल्मेट घालून आत. तेवढ्यात केशरी टी-शर्टातली दुसऱ्या कुठल्यातरी कॉलेजची एक मुलगी वही घेऊन पळत आली. सकाळी शेजारच्याच गाडीपाशी तिनं सगळं ऐकलं होतं. "ते उत्तर उलटं घालण्याचं, ते कसं करता तुम्ही? आमच्याकडेही तोच सॉल्व्हर आहे."

अंकुरचे दोन्ही हात गाडीला. त्यानं हनुवटीनं दोरीकडे खूण केली. "आस्क माय आई. ती, पिवळी साडी. तिनंच शिकवलं."

आई. मित्रांसमोर. काकूंच्या ते लक्षात आलं की नाही, कोण जाणे, कारण तोवर त्या खाली बसल्या होत्या. फळा नव्हता, डांबर होतं. पर्समधून खडू निघाला. पार्किंगच्या पिवळ्या पट्ट्यांच्या मधे त्यांनी पहिली ओळ लिहिली. मुलगी गुडघे टेकून समोर बसली.

"थांबा," मुलगी पहिल्याच ओळीला म्हणाली. "हे इथे का आलं?"

खडू थांबला. मग काकू म्हणाल्या, "गुड. विचार. आत्ताच विचार." आणि ती ओळ त्यांनी पुन्हा, दुसऱ्या बाजूनं लिहिली.

पलीकडे निळी गाडी आठात शिरली. टायर किंचाळले. विनयकाका ओरडले, "अगं सुमित्रा, बघ, बघ!" काकूंनी हात नुसता वर केला, वर्गाबाहेरच्या गोंगाटाला करतात तसा. मुलगी विचारत होती, त्या सांगत होत्या, पुसत होत्या, तळहात पांढरा झाला होता. सात-आठ मिनिटं झाली असतील. अमरावतीनंतरची सोळा वर्षं त्यांच्या मानेवरून उतरलेली मी पाहिली.

"आता शेवटचं," काकू म्हणाल्या. "कागदावरचा आकडा रस्त्यावर का येत नाही..."

लाऊडस्पीकरवर एक गाडीचा नंबर पुकारला गेला. मुलगी उडीच मारून उठली. "माझी गाडी! थँक यू, थँक यू सो मच!" आणि केशरी टी-शर्ट गर्दीत गेला.

काकू खडू धरून तशाच बसून होत्या.

"काकू, चला. अंकुरच्या गाडीचा वेळ लागला असेल फलकावर."

"एक ओळ राहिलीय."

त्यांनी ती लिहिली. शांतपणे, मोत्यांसारख्या अक्षरात. खाली दोन रेघा मारल्या. मग वर पाहिलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "समजलं?" समोर विजेच्या वायरी, पेट्रोलचे डबे, आणि कुणाचातरी पडलेला हातमोजा.

अंकुर धावत आला. घामानं निथळत होता. "आई! फाइव्ह पॉइंट फोर नाइन! आपल्या गणितात सत्तेचाळीस होतं! पाहिलंस?"

"नाही रे. राहिलं."

त्यानं खाली पाहिलं. सगळ्या ओळी वाचल्या, शेवटच्या दोन रेघांपर्यंत. बसायला गुडघे वाकवलेही. पण काइल हाका मारत होता, गाडी पुढच्या रांगेत न्यायची होती. "घरी," अंकुर म्हणाला. "घरी दाखव. प्रॉमिस." आणि पळाला. त्याच्यामागून कुणीतरी एक गाडी ढकलत नेली आणि तिची दोन चाकं त्या ओळींवरून गेली.

परतीच्या वाटेवर काका गाडी चालवत होते, काकू शेजारी, मी मागे. हायवेवरून बाहेर पडायच्या बऱ्याच एक्झिट मागे पडल्या.

"अहो," काकू म्हणाल्या, "त्या कॉलेजात डेमो पुन्हा देता येतो का?"

"सात वर्षं झाली गं."

"माणसं बदलली असतील."

"असतील."

काकूंनी तळहाताकडे पाहिलं. अजून पांढराच होता, धुतला नव्हता. मग काचेकडे तोंड करून, ज्यांनी विचारलंही नव्हतं अशा कुणालातरी सांगावं तसं म्हणाल्या, "या वेळी मधेच विचारू देईन."

काकांनी इंडिकेटर लावला, त्या कॉलेजकडे वळायला. आमची एक्झिट अजून दोन मैल लांब होती.